अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढली आहेत का? प्रकल्पासाठी मोजणी कशी करावी

कोथरूड_७३पूर्व

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची वर्षवार संख्या काढायची आहे. ती वाढते आहे का, एल निनो आणि हिंदी महासागर द्विध्रुवाशी (या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातल्या फरकाशी) तिचा काही संबंध लागतो का, आणि या वादळांनी पुण्यात किती पाऊस पाडला, असे तीन भाग आहेत.

आयबीट्रॅक्स या जगभरातल्या चक्रीवादळांच्या मार्गांच्या संग्रहातली उत्तर हिंदी महासागराची सीएसव्ही फाइल उतरवली आहे. डब्ल्यूएमओ विंड हा रकाना ३४ नॉट (वाऱ्याच्या वेगाचं एकक) किंवा अधिक, उपखोरं 'एएस' (अरबी समुद्र), आणि वादळाच्या नावानुसार गट, अशी चाळणी लावली आहे. १९८० पासून आलेख काढला तर सुरुवातीची बरीच वर्षं शून्य आणि नंतर एकदम चढ दिसतो. मान-केंडॉल ही कल तपासणारी चाचणीही वाढ ठामपणे दाखवते. पण वेधशाळेच्या (भारतीय हवामान खात्याच्या) यादीशी ही संख्या जुळत नाही. फरक नेमका कुठे पडतो आणि कोणती यादी धरावी?

---

नोंदवही

सुरुवातीच्या शून्यांचं कारण आधी पाहा. त्या फाइलमध्ये डब्ल्यूएमओ विंड म्हणजे आपल्या भागापुरता वेधशाळेच्या नवी दिल्लीतल्या चक्रीवादळ केंद्राने दिलेला वारा. जुन्या वर्षांत तो रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. रिकामी जागा ३४ च्या चाळणीतून जात नाही, त्यामुळे वादळ होऊनही तुमच्या गणतीतून ते गळतं. आलेखातला चढ काही अंशी रकाने भरत गेल्याचा आहे. दर वर्षी किती ओळींत वारा भरलेला आहे याचा वेगळा आलेख काढून पहिल्याशेजारी ठेवा, लगेच दिसेल.

दुसरी गळती नावांमुळे. आपल्याकडे वादळांना नावं द्यायला २००४ मध्ये सुरुवात झाली. त्याआधीच्या साऱ्या वादळांवर 'अनामिक' अशा अर्थाचा एकच शिक्का आहे. नावाने गट केला की एका वर्षातली सगळी अनामिक वादळं एकत्र होऊन एकच मोजलं जातं. गट नेहमी एसआयडी या रकान्यावर करा. तो प्रत्येक वादळाला वेगळा असतो आणि त्यातच वर्ष, वर्षातला दिवस आणि पहिल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश गुंफलेले असतात.

आणखी काही ठिकाणी हमखास घोटाळा होतो. शीर्षकाखालची ओळ एककांची असते. ती वगळली नाही तर पांडाज (पायथनमधलं डेटा हाताळायचं साधन) सगळे आकडे अक्षरं म्हणून वाचतं आणि तुलना चुकते. नेचर या रकान्यावर 'टीएस' एवढीच चाळणी लावली तर जुन्या काळातले 'एनआर', म्हणजे प्रकार न कळवलेले, बिंदू उडतात. पुढेमागे जगाची फाइल घेतलीत तर उत्तर अटलांटिकचा संकेत 'एनए' आहे हे लक्षात ठेवा. पांडाज त्याला रिकामी जागा समजतं आणि अख्खं अटलांटिक नाहीसं होतं. वाचतानाच ती सवय बंद करावी लागते.

आता कोणती यादी धरायची. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य यादी नवी दिल्लीच्या विशेष केंद्राची घ्या. तिथे १९८२ पासूनचे मार्ग एक्सेलमध्ये मिळतात. आयबीट्रॅक्समधला अमेरिकी केंद्राने दिलेला वारा दुसरी बाजू म्हणून स्वतंत्रपणे चालवा. दोन्ही एकाच मालिकेत मिसळू नका. वेधशाळा ३ मिनिटांचा सरासरी वारा देते, अमेरिकी केंद्र १ मिनिटाचा. एकाच वादळाला १ मिनिटाचा आकडा जास्त येतो. मालिकेच्या मध्येच स्रोत बदलला की ती पायरी ट्रेंड म्हणून दिसते.

वेधशाळेच्या पायऱ्या नॉटमध्ये अशा: डिप्रेशन १७ ते २७, डीप डिप्रेशन २८ ते ३३, चक्रीवादळ ३४ ते ४७, तीव्र ४८ ते ६३, अतितीव्र ६४ ते ८९, अत्यंत तीव्र ९० ते ११९, आणि १२० पासून पुढे सुपर सायक्लोन.

हे वारे बहुतेक वेळा मोजलेले नसतात, उपग्रहचित्रावरून ड्वोराक पद्धतीने ठरवलेले असतात. अटलांटिकमध्ये हरिकेनच्या पोटात विमान पाठवून मोजतात, आपल्याकडे तशी नियमित उड्डाणं नाहीत. ड्वोराकचा टी-क्रमांक (तीव्रतेची पायरी) अर्ध्या-अर्ध्याने चढतो: २.५ ला ३५ नॉट, ३ ला ४५, ३.५ ला ५५, ४ ला ६५, ४.५ ला ७७, ५ ला ९०. म्हणजे 'तीव्र' आणि 'अतितीव्र' यांच्यात फक्त अर्धा टी आहे. दोन अनुभवी विश्लेषकांत एवढा फरक सहज पडतो. १९८० च्या दशकातल्या इन्सॅट-१बीच्या चित्रावरून ठरवलेला अर्धा टी आणि आजच्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांच्या चित्रावरून ठरवलेला अर्धा टी यांना सारख्याच विश्वासाने वागवता येत नाही. युरोपचा मेटिओसॅट-५ हा उपग्रह १९९८ मध्ये ६३ अंश पूर्वेवर आणला गेला. त्याआधी परदेशी केंद्रांना अरबी समुद्र बराच तिरका दिसायचा. अमेरिकी मालिकेत १९९८ च्या आसपास पायरी दिसली तर हे कारण आधी तपासा, हवामानबदलाचा विचार त्यानंतर.

वेधशाळेच्या ई-ॲटलसमध्ये १८९१ पासूनचे मार्ग आहेत, मोह होतो. पण त्यात 'तीव्र'च्या वरच्या पायऱ्या वेगळ्या केलेल्या नाहीत, आणि उपग्रहापूर्वीच्या काळात भर समुद्रात जन्मून तिथेच विरलेलं वादळ एखादं जहाज जवळून गेलं तरच नोंदलं जाई. किनाऱ्यावर आदळलेली वादळं शोधायला ॲटलस उत्तम आहे, पूर्ण समुद्राच्या गणतीला नाही.

शेवटी, 'अरबी समुद्रातलं वादळ' याची व्याख्या आधी लिहून ठेवा. ओखी (२०१७) श्रीलंकेजवळ तयार होऊन अरबी समुद्रात आलं. गज (२०१८) तमिळनाडू ओलांडून इकडे उतरलं. असना (ऑगस्ट २०२४) तर गुजरातवरच्या जमिनीवरच्या डिप्रेशनपासून समुद्रात आल्यावर चक्रीवादळ झालं. जन्म धरायचा की वावर, आणि जन्म म्हणजे डिप्रेशनचा पहिला बिंदू की ३४ नॉटचा पहिला बिंदू, यावर संख्या हलते. मी असतो तर '३४ नॉट गाठल्याचा पहिला बिंदू अरबी समुद्रात' ही व्याख्या घेतली असती आणि दुसऱ्या व्याख्येचं उत्तर परिशिष्टात दिलं असतं.

---

आकडेमोड

नोंदवहींनी डेटा सोडवला. चाचणीबद्दल माझं म्हणणं असं की मान-केंडॉल इथे चुकीचं हत्यार आहे. वर्षाला सरासरी एखादंच वादळ असलेल्या मालिकेत बहुतेक वर्षं ०, १ किंवा २ असतात. सरासरी १ असेल तर प्वासाँ वितरणाप्रमाणे (विरळ घटनांच्या मोजणीचं गणित) ३७ टक्के वर्षं शून्याची यायलाच हवीत. इतक्या समान किमती असल्यावर क्रमावर आधारलेली चाचणी लंगडी पडते. प्वासाँ प्रतिगमन करा: संख्या अवलंबी, वर्ष स्वतंत्र, लॉग दुवा. पिअरसन काय-वर्ग भागिले मुक्तांश हा आकडा १ च्या आसपास असला तर ठीक. १.५ च्या वर गेला तर ऋण-द्विपद प्रतिमान घ्या.

आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या) गटाचा २०२१ चा निबंध तुम्ही वाचलाच असेल. १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरात ८ टक्क्यांनी घटली, असं त्यात आहे. ५२ टक्के ऐकायला प्रचंड वाटतात. पण केवळ उदाहरणादाखल, पहिल्या १९ वर्षांत १९ आणि पुढच्या १९ वर्षांत २९ वादळं झाली असं समजा. एकूण ४८ पैकी २९ दुसऱ्या भागात. दोन्ही भागांचा दर एकच असता तरी एवढा किंवा याहून जास्त फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता द्विपद चाचणीत सुमारे ०.१९ येते. उलट बाजूही पाहा: दर खरोखरच १ वरून १.५ झाला असेल, तरी १९-१९ वर्षांच्या नोंदीत ५ टक्के पातळीवर ती वाढ साधारण चारांत एकदाच पकडली जाईल. म्हणून 'वाढ सिद्ध झाली नाही' याचा अर्थ 'वाढ झाली नाही' असा प्रबंधात लिहू नका. परीक्षक तिथेच धरतात.

त्याच निबंधात वादळांच्या एकूण कालावधीत ८० टक्के वाढ दिली आहे, आणि माझ्या मते तुमचं लक्ष तिथे असावं. कालावधी आणि एसीई (वादळाच्या संचित ऊर्जेचा निर्देशांक) या राशी संख्येपेक्षा जास्त माहिती धरतात. एसीई म्हणजे ३४ नॉट किंवा अधिक असलेल्या प्रत्येक सहा तासांच्या वाऱ्याचा वर्ग, त्यांची बेरीज, भागिले १०,०००. ३५ नॉटवर पूर्ण दिवस राहिलेलं वादळ ०.४९ देतं, ९० नॉटवर पूर्ण दिवस राहिलेलं ३.२४. आयबीट्रॅक्समध्ये बिंदू तीन-तीन तासांचे आहेत. सगळ्या ओळी बेरजेत घेतल्या की एसीई दुप्पट येतं. ००, ०६, १२, १८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) एवढ्याच ओळी ठेवा. किनारा ओलांडतानाच्या अधल्यामधल्या वेळेच्या ओळीही वगळा.

मात्र अर्ध्या टीची चूक इथे फुगते. ६५ ऐवजी ७७ धरलं तर वर्ग ४० टक्क्यांनी वाढतो, घन घेतला तर ६६ टक्क्यांनी. म्हणून घनावर आधारलेला निर्देशांक या डेटावर मी चालवणार नाही. आणि प्रत्येक वारा अर्धा टी खाली-वर यादृच्छिक हलवून पूर्ण गणित हजार वेळा करा. ट्रेंडचा पट्टा किती रुंद आहे ते कळेल.

२०१९ वगळूनही उत्तर काढा. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच वादळं झाली: वायू, हिका, क्यार, महा, पवन. क्यार तर गोनूनंतर (२००७) अरबी समुद्रातलं पहिलं सुपर सायक्लोन. मालिकेच्या टोकाला बसलेलं असं वर्ष रेषेला एकटं उचलून धरतं.

---

पूर्वमोसमी

एल निनो आणि द्विध्रुवाबद्दल. इथे वार्षिक सरासरी घेतली की काम फुकट जातं. अरबी समुद्राला दोन हंगाम आहेत, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या महिन्यांत पाणी गरम नसतं म्हणून वादळं होत नाहीत असं नव्हे. खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेचा जेट, त्यामुळे विंड शिअर (उंचीनुसार वाऱ्यात पडणारा फरक) इतका वाढतो की ढगांचा उभा खांब टिकत नाही. ऑगस्टमधलं असना म्हणूनच इतकं दुर्मीळ.

दोन्ही हंगाम वेगळे चालवा. द्विध्रुव मे-जूनमध्ये आकार घेऊ लागतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिखरावर असतो आणि डिसेंबरपर्यंत ओसरतो. सप्टेंबर-नोव्हेंबरचा डीएमआय (द्विध्रुवाचा निर्देशांक) घेऊन त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या वादळाचं कारण सांगणं म्हणजे कारणाआधी परिणाम मांडणं. ऑक्टोबर-डिसेंबरच्या वादळांसाठी तो योग्य आहे. मे-जूनसाठी त्याच महिन्यांतलं शिअर आणि ६०० हेक्टोपास्कलवरची आर्द्रता थेट ईआरए५ या जागतिक हवामान-पुनर्विश्लेषणाच्या संचातून काढा.

डीएमआय स्वतः काढणार असाल तर पश्चिमेची चौकट ५० ते ७० पूर्व, १० दक्षिण ते १० उत्तर. पूर्वेची ९० ते ११० पूर्व, १० दक्षिण ते विषुववृत्त. आधी दोन्हींतला तापमानाचा कल काढून टाका, नाहीतर हिंदी महासागराची एकूण तापवाढ द्विध्रुवाच्या नावावर जमा होते. निनो ३.४ (एल निनोचा निर्देशांक) आणि डीएमआय यांचं शरद ऋतूत एकमेकांशी नातं आहे. दोन्ही एकाच प्रतिमानात घातले की गुणांक अस्थिर होतात. २०१५ मध्ये बलाढ्य एल निनो होता, २०१९ मध्ये तसा नव्हता पण द्विध्रुव अतिशय जोरात होता. अशी वेगवेगळी वर्षं हातावर मोजण्याइतकीच आहेत, तेव्हा कोणाचा वाटा किती हे टक्क्यांत सांगायला जाऊ नका.

पाण्याच्या तापमानाचा एकटा आलेख देऊन 'समुद्र तापला म्हणून वादळं वाढली' असं लिहिलेलं सर्रास दिसतं. मे महिन्यात अरबी समुद्राचा मोठा भाग २६.५ अंशांच्या वर असतोच. तिथे अडसर बहुधा शिअरचा आणि अरबस्तानाकडून येणाऱ्या कोरड्या हवेचा असतो. तापमानाचा प्रश्न वादळ जन्मल्यानंतर जास्त महत्त्वाचा होतो: ते किती वेगाने बळावेल, किती दिवस टिकेल. बिपरजॉय (जून २०२३) इतकं लांबलं ते याच संदर्भात अभ्यासण्यासारखं आहे.

वेळ उरला तर एमजेओ (विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारी ढग-पावसाची लाट) जरूर घ्या, कारण जन्माच्या दिवसाशी त्याचा संबंध जास्त ठळक निघतो. त्याच्या आरएमएम निर्देशांकाच्या आठ टप्प्यांपैकी २ आणि ३ हिंदी महासागरावरचे. किती वादळं या टप्प्यांत जन्मली याची तुलना एक-अष्टमांशाशी करू नका. त्या हंगामातले किती दिवस त्या टप्प्यात होते, त्याच्याशी करा.

---

कोथरूड_७३पूर्व

एसआयडी वापरून आणि २०१९ वगळून पुन्हा चालवतो. पावसाबद्दल एक अडचण आहे. पुणे वेधशाळेच्या जाळीच्या (चौकटीवार दिलेल्या) पावसात निसर्ग वादळाचा मुख्य पाऊस ४ जून २०२० ला दिसतो, वादळ तर ३ जूनला आलं. ईआरए५ मात्र ३ जून दाखवतो. बायनरी फाइल वाचताना एक दिवस सरकला असेल का?

---

घाटमाथा

फाइल बरोबर वाचली जाते आहे. वेधशाळेचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो. ४ जूनचा आकडा म्हणजे ३ जून सकाळी ८:३० ते ४ जून सकाळी ८:३०. निसर्ग ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यामुळे त्याचा पाऊस ४ तारखेच्या खात्यावर जातो. ईआरए५ चा दिवस तुम्ही यूटीसीच्या मध्यरात्रीपासून धरला असणार. ८:३० म्हणजे ०३ यूटीसी. ईआरए५ मध्ये प्रत्येक तासाचा आकडा त्याआधीच्या तासाचा असतो, म्हणून ३ जून ०४ यूटीसीपासून ४ जून ०३ यूटीसीपर्यंतचे २४ आकडे मिळवा. तो पाऊस मीटरमध्ये असतो, हजाराने गुणा.

तरीही फाइलची खातरजमा करायची असेल तर तिचा आकार पाहा. पाव अंशाच्या जाळीत १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश, प्रत्येक आकडा ४ बाइट. साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइट, लीप वर्षाची २,५४,९५,५६०. जाळी ६.५ उत्तर आणि ६६.५ पूर्वेपासून सुरू होते. शून्यापासून मोजल्यास पुण्याजवळचा बिंदू १८.५ उत्तर म्हणजे अक्षांश क्रमांक ४८, आणि ७३.७५ पूर्व म्हणजे रेखांश क्रमांक २९. गहाळ आकडा उणे ९९९ आहे, तो बेरजेत शिरू देऊ नका. तापमानाची फाइल वेगळी: १ अंशाची, ३१ गुणिले ३१, गहाळ आकडा ९९.९. पावसाचंच वाचन तिला लावलं की पुण्यात ९९.९ अंश तापमान येतं.

पण पुण्याच्या बाबतीत खरी अडचण जाळीच्या चौकटीच्या आकाराची आहे. पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. शिवाजीनगरला वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या ताम्हिणीत त्याच्या कैक पट. एवढी उतरण दोन चौकटींत बसते. मुळा-मुठेच्या खोऱ्यात, खडकवासला साखळीत किती पाणी आलं हा प्रश्न असेल तर जाळी चालणार नाही, घाटातल्या केंद्रांचे आकडे लागतील. शहरापुरतं म्हणत असाल तर शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव या केंद्रांचे स्वतंत्र आकडे घ्या, सरासरी नको. वादळाच्या पट्ट्यांत या तिघांतही मोठा फरक पडतो. आकडे वेधशाळेच्या पुण्यातल्याच डेटा कक्षाकडून, शिमला ऑफिसातून, ऑनलाइन अर्ज करून मिळतात. विद्यार्थ्याला संस्थेचं पत्र जोडावं लागतं. अर्ज लवकर करा.

पाऊस वादळाचा की मोसमी, हे ठरवण्यासाठी मार्गापासून ५०० किलोमीटरचं वर्तुळ ही प्रचलित चाल आहे. पर्जन्यदिनाशी जुळवताना आदल्या दिवशीच्या ०३ यूटीसीपासून त्या दिवशीच्या ०३ यूटीसीपर्यंतचे सगळे बिंदू तपासा. आयबीट्रॅक्सचे तीन तासांचे बिंदू इथे उपयोगी पडतात, एसीईत जे वगळले तेच. दर दिवशी एका तारखेला एकच बिंदू धरला तर वेगाने जाणारं वादळ वर्तुळातून निसटतं.

जूनमध्ये मात्र हे वर्तुळ पुरत नाही. वायू (२०१९) आणि बिपरजॉय (२०२३) दोन्ही मोसमी पावसाच्या तोंडावर आली. केरळात मान्सून दोन्ही वर्षी ८ जूनला पोहोचला. अशा वेळी वादळ दूर असूनही पाऊस वाढू शकतो किंवा ओलावा ओढून नेल्याने पुण्यात खंडही पडू शकतो. वर्तुळाबाहेरचे दिवस 'वादळाचा परिणाम नाही' या कप्प्यात टाकू नका. मे, जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर असे तीन तक्ते वेगळे द्या. तीव्रतेला वेधशाळेच्याच मर्यादा लावा: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार.

---

कोथरूड_७३पूर्व

साडेआठचा हिशोब लावला, जुळलं. शेवटचा प्रश्न: कोकण किनाऱ्यावर असं वादळ किती वर्षांनी एकदा येतं, हा पुनरावृत्तीकाळ देता येईल का? मार्गदर्शकांना तो आकडा हवा आहे.

---

आकडेमोड

उपग्रहकाळातल्या यादीवरून नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ म्हणून आदळलेली अलीकडची ठळक उदाहरणं म्हणजे फयान (११ नोव्हेंबर २००९, अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान) आणि निसर्ग. अशा दोन घटनांवरून दराचा ९५ टक्के पट्टा काढा: दोनच्या मोजणीला प्वासाँची खालची मर्यादा सुमारे ०.२४ आणि वरची सुमारे ७.२ येते. म्हणजे वरचं टोक खालच्याच्या तीस पट. '२० वर्षांतून एकदा' असा एकच आकडा छापला तर उद्या कोणीतरी त्यावरून बांधाची उंची ठरवेल.

त्याऐवजी दोन गोष्टी देता येतील. एक, किनाऱ्यापासून ३०० किलोमीटरच्या आत ३४ नॉट किंवा अधिक वाऱ्याने आलेली वादळं मोजा. त्यांची संख्या बरीच मोठी असेल आणि पट्टा अरुंद होईल. त्यासाठी आयबीट्रॅक्समधला किनाऱ्यापासूनच्या अंतराचा रकाना वापरू नका. तो जवळच्या कोणत्याही जमिनीचं अंतर देतो, ओमानचंही. अंतर कोकणच्या किनारारेषेपासून स्वतः काढा. दोन, ई-ॲटलसमधून १८९१ पासून कोकणात आदळलेली वादळं काढा. नोंदवहींनी वर म्हटलंय तसं, आदळलेल्यांसाठी तो स्रोत चालतो. दोन्ही दर पट्ट्यासकट शेजारी-शेजारी द्या.

---

नोंदवही

ॲटलस घेताना एक जपा. त्यात किनारा ओलांडतानाची पायरी पाहा, आयुष्यातली सर्वोच्च पायरी नव्हे. समुद्रात 'तीव्र' असलेलं वादळ कोकणात येईपर्यंत डिप्रेशन झालेलं असू शकतं. आणि पूर्वेकडून, दख्खन ओलांडून आलेली डिप्रेशनं वेगळी काढा. तीही कोकणच्या किनाऱ्यावरून जातात, पण जमिनीकडून समुद्राकडे.